बेलभंडारा आणि बराखीतला क्लब

फ्लेक्स गुरुवारी लागला, आणि सावळेराम बोऱ्हाड्याने एकतीस वर्षं जपलेली अब्रू शुक्रवारी दुपारपर्यंत शिनोलीच्या फाट्यावर वाऱ्याने फडफडत होती.

दोष द्यायचा तरी कुणाला? सुनेने, म्हणजे अक्षदाने, फोनवर मजकूर नीट सांगितला होता: मुलामुलींसाठी कोडिंग क्लब, दर रविवारी दहा वाजता, बोऱ्हाड्यांच्या कांद्याच्या बराखीत, प्रवेश मोफत. फ्लेक्स छापणाऱ्याला कोडिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. क्लब म्हणजे काय ते मात्र आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. क्लब म्हणजे अर्धं ओढलेलं शटर, आत सतरंजी आणि सतरंजीवर रमी. तेव्हा त्या भल्या माणसाने 'कोडिंग' मुंगीएवढं आणि 'क्लब' म्हशीएवढं छापलं. चार कोपऱ्यांत बदाम, चौकट, किल्वर, इस्पिक काढले. फ्लेक्स म्हटला की एक आधारस्तंभ लागतोच, म्हणून मधोमध सावळेरामचा फेटा-गॉगलमधला फोटो टाकला. फोटो दिला होता आदेशने, पोटच्या पोराने. खाली ठळक अक्षरांत: 'मा. सावळेरामभाऊ यांच्या आशीर्वादाने शिनोलीत प्रथमच!'

त्या फ्लेक्सचा फोटो 'बोऱ्हाडे भावकी' नावाच्या ग्रुपवर पडला आणि तिथून पिंपळवंडीला लंकाबाईच्या फोनवर पोचला. लंकाबाईचा फोन आला तेव्हा सावळेराम मेथीला पाणी देत होता.

"दादा," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, आणि लंकाबाई शांत झाली की घरातली मांजरंसुद्धा माळ्यावर चढतात. "रविवारी येते. तुझ्या घरी क्लब असला, तर उंबऱ्याभाईरनंच माघारी जाईन. पान्याचा घोटबी घेनार न्हाई. आन् मंग दिवाळीला ताट घेऊन माझी वाट बघू नको."

फोन कट झाला. सावळेराम वाफ्यात उभाच राहिला. पाणी वाफा फोडून शेजाऱ्याच्या बांधात गेलं तरी त्याला पत्ता नव्हता.

या बहीणभावाचं दुखणं जुनं होतं. एकतीस वर्षांपूर्वी, लंकाबाईच्या लग्नाच्या दिवशी, मठ्ठ्यात घालायला बर्फाची लादी आणण्यासाठी सावळेरामला मंचरला धाडलं होतं. वाटेत मित्र भेटला, भिमाजी. भिमाजी म्हणाला, "एकच डाव." तो एकच डाव संपला तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. सावळेराम सायकलच्या कॅरेजवर एक ओलं पोतं घेऊन मांडवात परतला. पोत्यात लादी नव्हती आणि मांडवात नवरी नव्हती.

त्यातही अक्षता हुकल्या असत्या तर लंकाबाईने गिळून टाकलं असतं. हुकली ती कानपिळी. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि माझ्या बहिणीला नीट सांभाळा म्हणून दम द्यायचा, हा मान भावाचा. भटजींनी तीनदा हाक मारली, भाऊ कुठंय, भाऊ कुठंय. मुहूर्त टळायला लागला. शेवटी बँडातला क्लॅरनेटवाला तेवढा रिकामा होता, त्याने येऊन कान पिळला, मानाचा टॉवेल-टोपी घेतली आणि पुन्हा जाऊन पुढचं गाणं धरलं. तेव्हापासून लंकाबाईचा नवरा चिमाजी चारचौघांत स्वतःची ओळख 'मी क्लॅरनेटवाल्याचा दाजी' अशी करून देत असे. लोक हसत. लंकाबाई हसत नसे.

पुढच्याच आठवड्यात नवी जोडी वडजच्या खंडोबाला आली, तिथे तिने भावाला बोलावून घेतलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. 'क्लबात पाय ठेवणार नाही.' सावळेरामने उचलला आणि पाळला. तरी तीस दिवाळ्या लंकाबाई ओवाळायला आली नाही. लग्नाकार्याला यायची, सगळ्यांशी बोलायची, भावाशी फक्त 'हं' म्हणायची. आई, साळुबाई, जाताना म्हणून गेली, "लंकीला परत आन रं." आणि मग गेल्या दिवाळीत, कुणी न बोलावता, लंकाबाई ताट घेऊन दारात उभी राहिली. त्या दिवशी सावळेराम ओवाळून घेताना इतका रडला की निरांजन विझलं आणि पुन्हा लावावं लागलं.

अशी ती महागामोलाची दिवाळी. आणि आता हा फ्लेक्स.

शनिवारी सकाळी पडवीत घरची बैठक बसली. सावळेराम, बायको कुशाबाई, आदेश, अक्षदा आणि नात आरोही, जिला कुणी बोलावलं नव्हतं पण जिला उठवायची कुणाची छाती नव्हती. आरोही अकरा वर्षांची होती.

"उद्यापास्नं क्लब बंद," सावळेराम म्हणाला.

"बरुबर हाय," आदेश म्हणाला. फोटो आपणच दिला होता हे लोक विसरावेत म्हणून तो सकाळपासून प्रत्येकाला बरोबर म्हणत होता.

"काय बरुबर?" कुशाबाई म्हणाली. "एकोणीस पोरं येत्यात. त्यातल्या दोन पोरी आहुप्यास्नं, अंधारात उठून येश्टीनं. फुकट शिकवती माझी सून, एक रुपाया घेत न्हाई. त्यो पोपटभाऊंचा प्रबुद्ध कॉलेजात मास्तर हाय, सुट्टीच्या दिवशी मंचरहून पदरच्या पेट्रोलनं येतो. आन् म्हनं बंद!"

"आई म्हनती तेबी बरुबर हाय," आदेश म्हणाला.

"नाव बदला की मंग," कुशाबाईने तोडगा काढला. "मंडळ म्हना."

"मंडळ म्हनलं की गनपती बसवाय लागंल. आन् अध्यक्ष कोन, यावरनं भांडनं."

"बचत गट?"

"अगं, त्यात वाचवायचं काय?"

"क्लास म्हना, क्लास!"

"फुकटच्या क्लासला कोन येतंय?" आदेश पहिल्यांदाच स्वतःच्या मनाचं बोलला. "क्लासला फी लागती. फी न्हाई म्हनलं की लोकं म्हनत्यात, कायतरी गोम हाय."

अक्षदा इतका वेळ गप्प होती. ती पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करायची आणि आठवडाभर मीटिंगा ऐकून ऐकून तिला एक विद्या साधली होती, सगळे दमेपर्यंत थांबायची. "मामा," ती म्हणाली, "लॅपटॉप ज्या लोकांनी दिलेत, त्यांच्याकडं आपली नोंद क्लब म्हणूनच आहे. जगभर असे क्लब आहेत आणि सगळे फुकट शिकवतात. नाव बदललं तर आठच्या आठ लॅपटॉप परत द्यावे लागतील. आता तुम्ही म्हणाल ते."

सावळेरामने बराखीकडे पाठ फिरवली, कारण त्याचं एक गुपित होतं.

गुपित असं, की जानेवारीत अक्षदाने रिकाम्या बराखीत फळ्या टाकून टेबलं मांडली आणि 'क्लब' हा शब्द उच्चारला, त्या दिवसापासून सावळेरामने स्वतःच्याच बराखीत पाऊल टाकलं नव्हतं. देवाला दिलेला शब्द तो शब्द. फवारणीचा पंप आत राहिला होता, तो त्याने दाराबाहेर उभं राहून चिंचा पाडायच्या आकडीने ओढून काढला. एकदा कोंबडी आत शिरली, तर तिला बाहेरून अर्धा तास हाका मारल्या. पण बराख म्हणजे कांद्याला वारा लागावा म्हणून बाजूंना पट्ट्या मारलेली जागा. पट्ट्यापट्ट्यांत फटी असतात. आणि फटीतून बघायचं नाही असं काही त्याने खंडोबाला सांगितलं नव्हतं. तीन महिने दर रविवारी तो बराखीच्या मागच्या अंगाला, पोत्यावर बसून, दोऱ्या वळायच्या निमित्ताने सगळं ऐकत होता. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. जोवर अमुक होत नाही तोवर तमुक करत राहा. आहुप्याच्या संस्कृतीने पाणी सोडायच्या वेळा सांगणारा प्रोग्राम केला, त्या दिवशी बाहेर पोत्यावर बसलेल्या सावळेरामने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला तो क्लब जिवापाड आवडत होता आणि हे बोलायची सोय नव्हती.

"आजोबा," आरोही म्हणाली, "उद्याचा एक रविवार द्या. आत्याआजीला स्वतः बघू द्या. ती बंद म्हटली तर बंद."

सावळेरामने नातीकडे पाहिलं. मग कुशाबाईकडे. कुशाबाईने पदर खोचला, म्हणजे तिचा निकाल लागला होता.

"लंकी म्हनंल तसं," तो म्हणाला. "पन उद्या तिथं समदं शिस्तीत पायजे. तिला वावगं कायबी दिसता कामा नये."

"आजोबाबी बरोबर आहेत," आरोही म्हणाली, आणि आदेश उठून दूध घालायला गेला.

रविवारी शिस्त पाहून घ्यावी अशी होती. अंगण शेणाने सारवलेलं, फ्लेक्स उतरवून उलटा घालून गोठ्यावर झाकलेला, कुशाबाई नऊपासून पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी. एकोणीस पोरं रांगेत बसलेली. दहाला पाच कमी असताना रस्त्याकडच्या ट्रान्सफॉर्मरवर मोठा धडाका झाला, आणि शिनोलीची वीज गेली.

"डीपी उडाली," प्रबुद्ध म्हणाला. तो शिडशिडीत, चष्म्याचा, हसऱ्या तोंडाचा तरुण. त्याने एकेक लॅपटॉप उघडून पाहिला. सगळे कंपनीतून निवृत्त होऊन आलेले, बॅटऱ्या म्हाताऱ्या. चार मिनिटांत आठही पडदे काळे झाले.

सावळेराम नेहमीच्या फटीला डोळा लावून होता. आता लंकीला दाखवायचं काय, काळे पडदे?

तेवढ्यात अंगणात काठी वाजली. भिमाजी आला होता. एकतीस वर्षांपूर्वीचा 'एकच डाव'वाला तोच भिमाजी, आता दात पडलेला, डोक्याला उपरणं, काखेत सतरंजी. फ्लेक्स त्यानेही पाहिला होता.

"सावळ्या!" तो भरल्या गळ्याने म्हणाला. "मला वाटलं तू सुधारलास! आन् तू तर घरातच काढलास की रं!"

"भिमा, अरं हळू बोल. ह्यो त्यो क्लब न्हाई. ह्यो पोरांचा हाय, शिकायचा."

"पोरांना शिकवतोस? लई चांगलं. लहानपनी शिकलेलं ऱ्हातं."

"पत्ते न्हाईत रं त्यात!"

भिमाजीने क्षणभर विचार केला. "प्रवेश फ्री हाय का?"

"हाय."

"मंग बसतो," म्हणत भिमाजी बराखीत शिरला. फ्री म्हटल्यावर माणूस कशातही बसतो. सावळेरामला त्याला धरून ओढायचं होतं, पण दाराच्या फळीशी त्याचे पाय आपोआप थांबले.

आत अक्षदा आणि प्रबुद्ध कुजबुजत होते. आजचा धडा क्रम लावण्याचा होता, लहानापासून मोठ्यापर्यंत. तो पडद्यावर दाखवायचा होता.

"पडदा नसला म्हणून काय झालं," प्रबुद्ध म्हणाला. "हातात धरायला आकडे पाहिजेत फक्त. चिठ्ठ्या करू?"

"किती चिठ्ठ्या करणार? वीस जणांना प्रत्येकी तेरा-चौदा तरी पाहिजेत."

"तेरा?" मागून भिमाजी म्हणाला. त्याचे डोळे चमकले. त्याने सतरंजी उलगडली. आतून पत्त्यांचे पाच कॅट निघाले, रबरं लावलेले, वापरून वापरून मऊ पडलेले.

बाहेर फटीला चिकटलेल्या सावळेरामने दोन्ही हात डोक्याला लावले. त्याने पट्टीवर टकटक केलं, हाताने नाही-नाही केलं. आत आरोहीने ते पाहिलं, आणि आजोबा नेहमीसारखे टाळ्या वाजवायच्या बेतात आहेत असं समजून हात हलवला.

पाच मिनिटांत, भिमाजी धरून, वीस जणांच्या हातात तेरा-तेरा पत्ते होते. भिमाजी पिसत होता, काय ती पिसणी! अक्षदा सांगत होती, "एकेक पत्ता उचला. डावीकडच्याशी ताडून बघा. मोठा असेल तर थांबा, लहान असेल तर मागं सरकवा, जागा सापडेपर्यंत. मशीनला आपल्यासारखी नजर नसते. तिला एका वेळी दोनच पत्ते दिसतात."

"पोरी, हे तर मी पन्नास वर्सं करतोय," भिमाजी म्हणाला. "याला पत्ते लावनं म्हनत्यात."

"बघा! आपण करतो तेच मशीनला सांगायचं, एवढंच तर कोडिंग," प्रबुद्ध म्हणाला, आणि पोरांनी भिमाजीसाठी टाळ्या वाजवल्या. उभ्या आयुष्यात टाळ्या न मिळालेला तो माणूस उपरण्याने डोळे टिपू लागला.

नेमकी तेव्हाच पिंपळवंडीची जीप अंगणात शिरली.

लंकाबाई उतरली. कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर घट्ट, मागे चिमाजी, हातात द्राक्षांची पेटी. कुशाबाईने तांब्या पुढे केला. लंकाबाईने तांब्याकडे पाहिलंही नाही.

"कुठंय?"

"आगं आधी पानी तर घे, वन्सं."

"कुठंय त्यो क्लब?"

सावळेराम बराखीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा राहिला. एवढी लांब बराख एवढ्याशा माणसामागे झाकणार नव्हती, पण माणूस प्रयत्न सोडत नाही. "लंके, तुला वाटतंय तसलं कायबी न्हाई. पोरं अभ्यास करत्यात. अगदी शाळेवानी. तू आपली घरात चल..."

लंकाबाईने त्याच्या काखेखालच्या फटीला डोळा लावला.

आत, वीज नसल्याने अंधुक उजेडात, सतरंजीवर गोल करून एकोणीस पोरं बसली होती. प्रत्येकाच्या हातात तेरा पत्ते. मधोमध भिमाजी. आणि भिमाजी ओरडत होता, "शाब्बास! आहुप्याच्या पोरीचा हात लागला! चला, पुन्यांदा पिसा!"

लंकाबाईने फटीवरून डोळा काढला. तिने भावाकडे पाहिलं. ती ओरडली असती तर सावळेरामला सोसलं असतं. ती एवढंच म्हणाली, "भिमाजी?"

"लंके, त्याला मी न्हाई बोलावलं. फ्लेक्सनं बोलावलं."

"आन् लेकराबाळांच्या हातात?"

"डीपी उडाली गं!" सावळेराम कळवळून म्हणाला. हे खरं कारण होतं आणि तरीही ते किती खुळं ऐकू येतंय हे त्याचं त्यालाच कळलं. "बेलभंडाऱ्याची आन, मी आत पाय ठेवलेला न्हाई. तीन म्हयने न्हाई ठेवला. इचार कुनालाबी. माझाच पंप मी आकडीनं काढला."

"आकडीनं?" चिमाजीने विचारलं. त्याला ते फार आवडलं.

"काका, तुम्ही अगदी कॉम्प्युटर आहात," गलका ऐकून दारात आलेला प्रबुद्ध न राहवून म्हणाला. "सांगितलेलं शब्दाला शब्द."

लंकाबाई कुणाचं ऐकत नव्हती. ती सरळ बराखीत शिरली, भिमाजीची मानगूट धरायला. सावळेराम तिच्यामागे धावला आणि दाराच्या फळीशी पुन्हा गपकन थांबला. पुढे जाववेना, मागे सरवेना. एकतीस वर्षांत त्याला स्वतःच्या शब्दाचा असा राग कधी आला नव्हता.

"ऊठ, भिम्या!"

"लंकाताई, मी इद्यार्थी हाय," भिमाजी हात जोडून म्हणाला.

आरोही उठली. तिने पणजीचं नाक आणि आजीची छाती घेतली होती. ती आत्याआजीपुढे गेली आणि तेरा पत्ते सरळ तिच्या हातात कोंबले. "आत्याआजी, ओरडायच्या आधी हे लाव. कसं लावतेस ते आम्हाला बघायचंय. एकेक पायरी मोठ्यानं सांग. ती आम्ही लिहून घेणार आणि वीज आली की मशीनला शिकवणार."

लंकाबाईने पत्ते फेकून द्यायला हात वर केला.

आणि मग काय झालं ते फक्त पत्ते खेळणाऱ्या माणसालाच कळावं. वर गेलेला हात खाली आला. अंगठा हलला. पत्ते पंख्यासारखे उलगडले. एक इकडे गेला, दोन तिकडे गेले, बदामची राणी गुलामाशेजारी बसली, किल्वरच्या सात-आठ-नऊ एकत्र आल्या, जोकर कडेला निघाला. हे सगळं लंकाबाई पत्त्यांकडे न बघता, भिमाजीकडे रागाने बघत असताना झालं.

प्रबुद्धच्या हातातल्या मोबाइलवर वेळ मोजली जात होती. "नऊ सेकंद," तो म्हणाला.

"पण हे चढत्या क्रमानं नाही लावलेत," संस्कृती म्हणाली. ती आहुप्याची शांत मुलगी, चुकीचं ते चुकीचं म्हणायची.

भिमाजीने मान लांबवून लंकाबाईच्या हातात पाहिलं. त्याचा आवाज देवळात बोलावं तसा झाला. "ताई... पोरींनो, ह्यो क्रम न्हवं. ही रमी हाय. आन् एकच पत्ता कमी हाय."

सावळेराम दारातून बघत होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "लंके? तुला... तुला कुठं येतंय?"

लंकाबाईने हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हातात होते. तिचा चेहरा लाल झाला. चिमाजी द्राक्षांची पेटी घेऊन तिच्यामागे आत आला होता. तो खोकला.

"सांग की आता," तो हळूच म्हणाला.

"तुमी गप बसा."

"मीच सांगतो. पावणं, लग्नाला म्हयना झाला न्हाई, तर ही म्हनली, मला पत्ते आनून द्या आन् शिकवा. मी घाबरलो. म्हनलं, भाऊ तसा, भनबी तशीच निघाली. एकतीस वर्सं झाली, रोज दुपारी जेवनं झाली की आमी दोघं एक डाव खेळतो. एकदाबी जिकू दिलं न्हाई मला."

"का पर?" सावळेराम म्हणाला.

लंकाबाई भावाकडे वळली. दाराच्या फळीच्या आत ती, बाहेर तो.

"बघायचं व्हतं मला," ती म्हणाली. "म्हनलं, शिकून बघावं तरी. असं काय हाय ह्या तेरा पानांत, की भावाला भन दिसंना." तिने हातातले पत्ते मिटले. "शिकले. समदं शिकले. आन् सांगू, दादा? कायबी न्हाई ह्यात. चार घटका मजा हाय. तेवढ्यासाठी तू आला न्हाईस."

सावळेरामच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एकतीस वर्षं तो क्षमेची वाट बघत होता, आणि एकतीस वर्षं त्याची बहीण रोज दुपारी पत्ते हातात घेऊन त्यालाच समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, हे त्याला आत्ता कळत होतं. कुशाबाई तांब्या घेऊन अंगणातून दाराशी आली होती आणि तिचेही डोळे भरले होते.

"आत्या," अक्षदा हळूच म्हणाली, "क्लब बंद करू का मग? मामांनी तुमच्यावर सोडलंय."

लंकाबाईने नाक पुसलं. गोल बसलेल्या पोरांकडे पाहिलं. पोरांच्या मांडीवर वह्या उघड्या होत्या आणि त्यांत बाण, चौकोन, जर-तर लिहिलं होतं. संस्कृतीच्या वहीत 'आत्याआजीची पद्धत: पायरी १' एवढं लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती.

"हे काय?"

"तुम्ही कसं लावलंत ते सांगायचं राहिलंय," संस्कृती म्हणाली.

"मला इचारून मशीनला शिकवनार?"

"हो."

"एकतीस वर्सांत ह्यांना कळलं न्हाई," लंकाबाई चिमाजीकडे हात करून म्हणाली, "मशीनला काय कळनार? बरं. सांगीन. पन आधी एक काम ऱ्हायलंय." ती नवऱ्याकडे वळली. "अवो, कान द्या."

"काय?"

"कान, कान. दादा आत येत न्हाई, त्याची आन हाय. तुमी कान भाईर काढा."

चिमाजीने द्राक्षांची पेटी भिमाजीच्या मांडीवर ठेवली, दाराच्या फळीशी गेला, खाली वाकला आणि मान बाहेर काढली. साठीला टेकलेला, केसाळ, उन्हाने रापलेला तो कान अंगणाच्या उजेडात आला. एकोणीस पोरं उठून बघायला उभी राहिली.

सावळेरामने धोतराला हात पुसले. त्याने कान धरला आणि पिळला.

"माझ्या भनीला..." तो म्हणाला, आणि त्याने दारातून बहिणीकडे पाहिलं. "माझ्या भनीला नीट सांभाळा, दाजी."

"हळू राव!" चिमाजी ओरडला. "त्या क्लॅरनेटवाल्यानं एवढा न्हवता पिळला!"

सगळी बराख हसली. लंकाबाईही हसली, तोंडाला पदर लावून, आणि ते बघून चिमाजीने आपला कान आणखी थोडा वेळ तसाच ठेवला.

"वैनी, त्यो तांब्या द्या इकडं," ती म्हणाली. "घसा सुकलाय माझा." ती घटाघटा पाणी प्याली, उरलेलं चुळीला घेतलं आणि सतरंजीवर पोरांमध्ये मांडी घालून बसली. "आन् दादा, तू ये आत. बेलभंडारा मी उचलायला लावला व्हता, मीच उतरवते. खंडोबाला मी सांगीन. जाताना वडजवरनंच जायचंय."

सावळेरामने दाराच्या फळीकडे पाहिलं. मग पाय उचलला.

"आजोबा!" आरोही ओरडली. पाय हवेतच थांबला. "क्लबात चपला घालून येत नाहीत."

त्याने चपला काढल्या, जोडून दाराशी ठेवल्या आणि अनवाणी पाय फळीवर टेकवला. काही झालं नाही. बराख आपलीच होती. लंकाबाई पत्ते पिसत होती. तिने वर न बघता विचारलं, "बर्फ आनलास का?"

सावळेराम तिच्याशेजारी टेकला.

"वाटंत वितळला गं," तो म्हणाला.

"हं," लंकाबाई म्हणाली, आणि तेरा पत्ते त्याच्यापुढे सरकवले. "लाव. पोरं लिहून घेत्यात."